बादलीतली वीट

वीट बादलीत टाकून चार दिवस झाले.
रोज सकाळी मैनोद्दीन मिस्त्री येतो,
बाही वर सारतो, पाण्यात हात घालतो,
वीट चाचपतो
जशी गाभण म्हैस चाचपावी.
हात सदऱ्याला पुसतो. निघतो.

मी म्हणते, चहा?
तो म्हणतो, विरघळली की घेईन.

मातीशी त्याचा अबोला आहे, गावाला ठाऊक आहे.
त्र्याण्णवला, पहाटेच्या अंधारात
त्यानंच रचलेली दोन हात जाडीची भिंत
त्यानंच उपसली, नखांनी.
दगड दोन अंगांनी लावलेले, आत नुसता भराव,
आरपार बांधणारा एकही दगड नाही,
आणि माथ्यावर माळवद,
दर उन्हाळ्यात मातीचा एक थर जास्त.
तेव्हापासून म्हणतो,
मातीला पोट असतं, माय. तुला नाही ठावं.
मला नाही ठावं. मी त्यानंतरची.

मला पत्रे ठाऊक आहेत.
चैत्रात दुपारी लेकरू घेऊन
बाहेर लिंबाखाली बसायचं, घर असून.
सिमेंट सोलापूरहून, वाळू रात्रीच्या ट्रकमधून,
आणि घरकुलाचा पहिला हप्ता
पायातच पुरला जातो.
आमची माणसं दिवाळी झाली की
दूर कुणाच्या तरी भट्टीवर
कुणाच्या तरी बंगल्याच्या विटा भाजायला जातात.

काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं,
एवढी वाटणी जुन्यांनी करून ठेवली होती.
जुनी पांढरी आता तेरणेकाठी ओस आहे,
वेड्या बाभळी, फुटके रांजण, कुठे कुणाचा उंबरा.
तिथली माती आणायची म्हणल्यावर
पहिल्या दिवशी कुणीच टोपलं उचललं नाही.
मग सोजरबाईनं उचललं.
तिच्याच घराचा ढीग होता तो.
काही बोलली नाही, पदर खोचला फक्त.

नऊ पाट्या माती, चार मुरूम, एक सिमेंट.
मूठ वळायची, कमरेवरून सोडायची,
फुटावी, पण भुगा होऊ नये.
दाबयंत्राचा दांडा ओढताना
माझे पाय जमिनीवरून सुटतात,
पोरी हसतात,
अन् वीट वर येते, गरम नाही, काळी नाही,
भाकरीच्या पिठासारख्या रंगाची.
एकवीस दिवस ओलं गोणपाट.
भट्टी नाही. झाड तोडायचं नाही.
शनिवारी आठ जणींच्या हातावर पैसे पडतात,
ते फार तर खाजाभाईच्या दुकानापर्यंत जातात
आणि फिरून गावातच येतात.

सर्वेवाला पोरगा टॅब घेऊन आला.
भिंत पक्की का कच्ची?
मी म्हणलं, मधे अजून एक खाना दे.
ताई, मशीन घेत नाही, म्हणाला,
आणि उन्हातून आत येऊन
त्याच भिंतीला पाठ लावून पाणी प्यायला.

सातव्या दिवशी मिस्त्रीनं वीट बाहेर काढली.
पाणी जरासं गढूळलं होतं.
एका कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा सुटला होता.
मी लपवला नाही. तळहातावर धरला.
त्यानं पाहिलं. म्हणाला,
एवढं तर माझंबी सुटलंय.

मग थापीनं टोला दिला, कान लावला.
घर कुणाचं?
सोजरबाईचं.
कोपऱ्यात सळई?
हाय.
दाराच्या वरून पट्टा?
चारी भिंतींवरून, सलग.
माळवद?
नाही. हलकं छप्पर.
पुन्हा टोला. पुन्हा कान.

चहा न घेताच गेला.

दुपारी नातू आला, हातात चिंधीचं गाठोडं.
आत ओळंबा. पितळेचा, हिरवट पडलेला,
दोरी बोट लावताच तुटली.
आज्ज्यानं सांगितलंय, म्हणाला,
दोरी नवी घे.
अन् म्हणलंय, पहिला थर
मी आल्याबिगर लावू नका.